विषबाधा : दुसऱ्या दिवशी घरी नेण्याची घाई नको

फवारणीचे औषध (विषालाही आपण औषधच म्हणतो, काय करणार!) पोटात गेलेला रुग्ण आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न, ‘डॉक्टर, वाचेल ना?’ त्या घटकेला याचे उत्तर कोणत्याच डॉक्टरने छातीठोकपणे देऊ नये. माझा उलट प्रश्न असतो, डबा कुठे आहे? बहुधा तो पोलिसांच्या भीतीने उकिरड्यावर गेलेला असतो. वाचकहो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरतात. त्याला शिक्षा होईल म्हणून डबा आणि वेळ लपवू नका.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या वर्गातील विषाला अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, दरदरून घाम येतो, छाती घरघरते. ‘दोनच झाकणे घेतली’ या ऐकीव हिशेबापेक्षा श्वास, नाडी, शुद्ध आणि स्नायूंची फडफड यांवरून मी गांभीर्य ठरवतो. पॅराक्वाट या तणनाशकाची तऱ्हा निराळी. पहिल्या दिवशी रुग्ण बोलतो, चालतो, फक्त तोंड व घसा सोललेला असतो. पुढे मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होत जातात. त्याला उतारा नाही. एखादा घोटही जीव घेतो.

फॉस्फरसयुक्त विषात दगा होतो तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. घाम थांबलेला, रुग्ण शुद्धीवर, चहा मागतो. ‘आता बरा आहे, सही करून नेतो’ म्हणत नातेवाईक उठतात. खाटेचा खर्च, घरची कामे, सगळे मला कळते. पण याच वेळी मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्येच हे वर्णन करून ठेवले आहे. परीक्षा अगदी साधी : उताण्या निजलेल्या रुग्णाला उशीवरून डोके उचलायला सांगावे. जमले नाही, तर कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच हलवावे, सकाळची वाट पाहू नये. नाडी-तापाच्या तक्त्यात ‘मान उचलतो काय’ असा एक रकाना प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने घालावा, असे माझे मत आहे. त्याला खर्च शून्य.

फवारणीत अंगावर उडालेल्या विषालाही हेच लागू. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात दगावलेल्या फवारणी करणाऱ्यांनी डबा तोंडाला लावला नव्हता. कपडे काढून साबणाने अंग धुवा, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका आणि डबा पिशवीत घालून रुग्णासोबत आणा.