दोन-तीनदा दिवस गेले आणि मूल टिकलं नाही, तर आधी नीट तपासा

सुनेचं दोन-तीनदा मिसकॅरेज झालं की आपल्याकडे आधी तिची उलटतपासणी होते. पपई खाल्ली होती का, जिना का चढली, स्कूटी कशाला चालवली? अहो, पहिल्या तीन महिन्यांतल्या मिसकॅरेजपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पपईचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

पण नुसतं सासूबाईंना बोलून भागणार नाही. शिकलेल्या, पांढऱ्या कोटातल्या अंधश्रद्धेचं काय?

टॉर्च टेस्ट घ्या. वारंवार होणाऱ्या मिसकॅरेजसाठी तिचा उपयोग नाही, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने कधीचंच सांगितलंय. आपल्याकडे फाइल उघडली की आधी टॉर्च! नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार 1999 च्या चाचणीत फोल ठरला. 2002 मध्ये अमेरिकेने तो संशोधनाबाहेर वापरायला मनाई केली. आपल्याकडे तो अजून विकला जातो.

आणि पोटावरचं ते रोजचं हेपरिनचं इंजेक्शन. 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. पाच देशांतल्या 326 बायका, सगळ्यांना रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष आणि आधी वारंवार मिसकॅरेज. निम्म्यांना हेपरिन, निम्म्यांना फक्त नेहमीची देखरेख. मूल हाती आलं 72 टक्के जणींना आणि 71 टक्के जणींना. इंजेक्शनने फरक पडला नाही. आणि हेही वाचा, इंजेक्शन न घेता 71 टक्के! ही आशा किती जणींना कुणी सांगितली?

मग इंजेक्शन वाईटच का? मुळीच नाही. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर तेच उपयोगी पडतं. 1997 च्या लंडनच्या अभ्यासात नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर 42 टक्के जणींना मूल झालं, हेपरिन जोडल्यावर 71 टक्के. पण त्यासाठी 'अपला' टेस्ट करावी लागते, तीही किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा. ती न करता सरसकट सुया टोचणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

डॉक्टर म्हणतात, नातेवाईकच घाई करतात, काहीतरी द्या म्हणतात. खरंय. पण "थांबा, आधी तपासू" हे सांगणं कुणाचं काम? पेशंटचं?

2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तज्ज्ञांनी साधी पायरी सुचवली. पहिल्या मिसकॅरेजनंतर माहिती आणि आधार, दुसऱ्यानंतर प्राथमिक तपासण्या, तिसऱ्यानंतर सखोल तपासणी. हे आपल्या सिव्हिलमध्ये का होऊ नये? अपला, थायरॉइड, गर्भाशयाची सोनोग्राफी, पडलेल्या गर्भाची गुणसूत्र तपासणी, गरज पडली तर नवरा-बायको दोघांचीही. प्रत्येक जिल्ह्यात आठवड्यातून एक दिवस अशी ओपीडी हवी, आणि तपासण्या मोफत हव्यात. आमदार-खासदारांना रस्त्याबरोबर हेही विचारा.

बायांनो, चालू औषध स्वतःहून बंद करू नका. पण डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "हे कोणत्या रिपोर्टवरून देताय?" उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि घरच्यांनो, तिचं मूल गेलंय. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.