नियम आधीं, मदत मागाहून

नागपूर विद्यापीठ ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं स्थापन झालें. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्या काळीं कुणब्याच्या, तेल्याच्या, कोष्ट्याच्या पोरास कॉलेजचें दार जवळजवळ बंदच होतें. आज तसें म्हणतां येणार नाहीं. नरवेलच्या शेतकरी घरांतले वि. भि. कोलते १९६६ ते १९७२ पर्यंत तेथें कुलगुरू होते. २००५ सालीं विद्यापीठास तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें. आमच्या बेसा गांवांतूनहि मुलें-मुली रोज सकाळीं नागपुरास कॉलेजला जातात. दार उघडलें हें खरें. पण आंत गेलेल्यांपैकीं पदवी घेऊन किती निघतात आणि मधूनच मान खालीं घालून घरीं किती येतात, हें ज्याचें त्याचें घर जाणतें.

मधूनच परतलेल्या मुलाविषयीं शहाणे लोक म्हणतात कीं, त्याच्यांत दमच नव्हता. शेतकरी बंधूंनो, हें ऐकून घेऊं नका. दम कोठें जातो तें पाहूं.

हजेरीचा नियम घ्या. शेंकडा ७५ हजेरी नसेल त्यास परीक्षेस बसूं देऊं नये, असा तो आहे. माझा जन्म हजेरी घेण्यांत गेला. नियमच नको असें मी म्हणणार नाहीं. पण वकिलाचा मुलगा गैरहजर राहतो तो कंटाळ्यानें, आणि आमचा राहतो तो कापसाच्या वेचणीला माणूस मिळत नाहीं म्हणून. हजेरीबुकांत दोघांपुढें फुली एकच पडते.

हा नियम पहिल्या दिवशीं लागूं होतो. त्यास अर्ज नको, दाखला नको, आधारला जोडलेलें बँकखातें नको. मदतीची तऱ्हा उलटी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, इतर मागासवर्गीयांस वर नॉन-क्रिमीलेअरचा कागद; मग महाडीबीटीवर अर्ज; तो आधीं कॉलेजनें तपासायचा, मग वरच्या कचेरीनें. शाळेच्या दाखल्यावर नांव एक आणि आधारवर एका अक्षराचा फरक, कीं अर्ज परत. पैसा खात्यांत पडेपर्यंत पुष्कळदां वर्ष सरत आलेलें असतें. खोलीचें भाडें मात्र दर महिन्यास, आणि फी पुष्कळ ठिकाणीं प्रवेशाच्याच वेळीं. माझ्या माहितींतल्या एका घरीं बापानें पहिल्या हप्त्यासाठीं बैलजोडी विकली. शिष्यवृत्ति आली ती दुसऱ्या वर्षीं. बैल कांहीं परत आले नाहींत.

सरकार कांहींच करीत नाहीं, असें म्हणणें खोटें होईल. ज्यांस वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं अशा इतर मागास व विमुक्त-भटक्या मुलांसाठीं ज्ञानज्योति सावित्रीबाई फुले आधार योजना निघाली. नागपुरासारख्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, खोलीचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. उत्तम! पण २०२३ च्या निर्णयांत संख्या धरली ती दर जिल्ह्यास ६००. एका नागपूर जिल्ह्यांत या जातींचीं घरें किती, याचा हिशेब वाचकांनींच करावा. आणि या ६०० जणांची निवड कशी? गुणांवरून.

येथें जोतीराव फुल्यांची आठवण होते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं निवेदन दिलें. चढाओढीनें शिष्यवृत्त्या वांटणें दिसायला न्यायाचें, पण त्यानें मागें पडलेल्या वर्गांत विद्या पसरत नाहीं, असें त्यांनीं त्यांत सांगितलें. आणि ज्या वर्गांत विद्या पोंचली नाहीं त्यांसाठीं कांहीं शिष्यवृत्त्या द्याव्या, असें मागितलें. शिकवणीच्या जोरावर नव्वद टक्के मिळविणारा आणि बापाबरोबर रंधा ओढून पंचावन्न मिळविणारा सुताराचा मुलगा, यांत खोलीची गरज कोणास अधिक? सावित्रीबाईंचें नांव योजनेस दिलें, जोतीरावांचें म्हणणें मात्र विसरले.

शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत मराठा बोर्डिंग काढलें १९०१ सालीं. पुढें जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी अशा एकेका समाजाच्या मुलांची सोय झाली. नोकऱ्यांत शेंकडा ५० जागा मागासलेल्यांस राखण्याचा हुकूम १९०२ चा, म्हणजे बोर्डिंगनंतरचा. आधीं छप्पर व भाकरी, मग परीक्षा व नोकरी, असा तो क्रम होता. पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविलें तें हेंच जाणून. आज शाहूंच्या नांवानें फीची शिष्यवृत्ति आहे, पंजाबरावांच्या नांवानें निर्वाहभत्ता आहे. नांवें राहिलीं आणि क्रम उलटला. इतर मागास मुलामुलींसाठीं दर जिल्ह्यास दोन अशीं ७२ वसतिगृहें जाहीर झालीं. त्यांतलीं पहिलीं भाड्याच्या इमारतींत उघडायला २०२४ उजाडलें.

आतां २०२० चें नवें शैक्षणिक धोरण कॉलेजांत आलें आहे. एक वर्ष करून सोडल्यास सर्टिफिकेट, दोन वर्षें केल्यास डिप्लोमा, तीन केल्यास पदवी, चार केल्यास ऑनर्स. सोडणारा तीन वर्षांच्या आंत परत येऊं शकतो व सात वर्षांत शिक्षण पुरें करूं शकतो. पूर्वीं सोडणाऱ्याच्या हातीं कांहींच राहत नसे, आतां कागद राहतो. हा फायदा मी नाकारीत नाहीं. पण या दारानें बाहेर जाणार कोण? डॉक्टरचा मुलगा खास नाहीं. आणि एकदां जूं मानेवर बसलें म्हणजे तीन वर्षांत परतणारा विरळा. मुलीचें तर विचारूंच नका. एका वर्षाचें सर्टिफिकेट लग्नाच्या बोलणींत ‘शिकलेली आहे’ म्हणायला पुरतें, आणि तिचें कॉलेज तेथेंच संपतें. २०२४ सालीं आठ लाखांच्या आंतल्या उत्पन्नाच्या मागास व दुर्बल घरांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. बसभाडें आणि खोली माफ झाली नाहीं.

यांत आपलाहि दोष आहे, तो झांकून उपयोग नाहीं. बेसाभोंवतालच्या शेतांचे लेआउट पडले. त्या पैशांत कोठें चारचाकी आली, कोठें मोठा मांडव पडला. आणि त्याच घरीं पोराच्या पुस्तकांची गोष्ट निघाली कीं ‘पुढच्या वर्षीं पाहूं’.

मागणें फार नाहीं. कॉलेजनें शिष्यवृत्तीच्या मुलाकडे प्रवेशाच्या वेळीं फी मागूं नये. निर्वाहाचा पहिला हप्ता सत्र सुरू होतांच द्यावा. वेचणीच्या व पेरणीच्या दिवसांतील गैरहजेरी सरपंचाच्या दाखल्यावर माफ व्हावी. अर्ज भरून देणारा एक माणूस प्रत्येक कॉलेजांत जून-जुलैंत बसवावा. ‘कमवा व शिका’ची यादी फलकावर मराठींत लागावी.

हें मागायचें कोणाजवळ? २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणें अधिसभेवर नोंदणी केलेल्या पदवीधरांचे दहा प्रतिनिधि निवडून जातात. आपल्या गांवांत पदवीधर आहेत, पण नोंदणी किती जणांनीं केली? प्रत्येक आळींतल्या पदवीधरानें आपली पदवी घेऊन नोंदणीचा अर्ज भरावा. निवडणुकींत उमेदवार हात जोडून दारीं येईल, तेव्हां त्यास वरच्या पांच गोष्टी वाचून दाखवाव्या, व तो काय म्हणतो तें लिहून घ्यावें.