टाचेमागची घाई

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की धारणीसारख्या गावांतली पोरं पहाटे रस्त्यावर दिसू लागतात. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. तयारी मात्र महिनाभरात उरकायची. घोळ इथेच होतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. स्नायू त्यानंतर भरतात. त्यांना हाडाशी बांधणारी कंडरा सर्वांत संथ, कारण तिला रक्तपुरवठा कमी. वेगाने धावताना टाचेमागच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. मेळघाटात चढ-उताराची सवय असते, पण ती म्हणजे शंभर मीटरचा सराव नव्हे. जाहिरातीची वाट न पाहता तीन महिने आधीपासून, आठवड्यातून दोन-तीनदा, पाठीवर वाळूचं पोतं घेऊन सावकाश टाचा उचलाव्यात. जिम नसली तरी चालते.