शेटजींचे दुकान कुणी पुसले?

नाना शंकरशेट कोण होते, असे आपल्या घरातल्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारून पाहा. ‘दानशूर होते’, ‘मुंबईचे शिल्पकार होते’, ‘आगगाडी त्यांनी आणली’, अशी उत्तरे पाढे म्हटल्यासारखी भराभर येतील. मग हळूच विचारा, ‘अरे, पण ते पोटापाण्यासाठी काय करीत होते?’ मूल तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. त्याचा दोष नाही. आम्ही मास्तरांनी आणि पुस्तके लिहिणाऱ्यांनी नानांचा पुतळा इतका धुऊन-पुसून ठेवला आहे, की त्याच्या हाताला लागलेली शाई आणि बोटांवरचा नाण्यांचा काळसरपणा पार निघून गेला आहे. राहिला तो नुसता पांढराशुभ्र संगमरवर.

मला या लेखात भांडायचे आहे ते या धुण्या-पुसण्याशी. सणाच्या दिवसांत भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या सणात आपण वहीला हळदकुंकू वाहतो, त्या सणात वही लिहिणाऱ्या माणसाविषयी बोलायचे नाही, तर मग कधी?

नानांचे खरे नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. जात दैवज्ञ, म्हणजे सोनाराची. आजोबा बाबुलशेट गणबाशेट अठराव्या शतकाच्या मध्याला कोकणातून मुंबईला आले आणि त्यांनी पेढी मांडली. कोटातल्या एका रस्त्याला या घराण्याच्या गणबाशेटांचे नाव मिळाले. इंग्रजी तोंडात त्याचे ‘गनबो’ झाले, आणि पुढे तो शब्द बंदुकीशी संबंधित असावा असेही लोकांना वाटू लागले! एका मराठी व्यापाऱ्याच्या नावाची मुंबईतच अशी गत व्हावी, यातच बरेच काही आले. वडील शंकरशेट यांनी धंदा वाढवला. १८२२ साली ते वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या वयात आपली मुले परीक्षेच्या निकालाची वाट पाहत असतात; या पोराच्या अंगावर एक मोठी पेढी पडली.

ती त्यांनी बुडवली नाही, हेच त्यांचे पहिले मोठे कर्तृत्व. अरब, अफगाण असे परदेशी व्यापारी आपली संपत्ती पेढ्या-बँकांपेक्षा नानांच्या हवाली करणे अधिक सुरक्षित समजत, असे सांगतात. यात काय काय आले, याचा विचार करा. परक्या भाषेचा, परक्या धर्माचा माणूस समुद्रापलीकडे निघताना आपली थैली तुमच्यापाशी ठेवतो, ती तुमच्या दानावर भाळून नव्हे. तुमचा शब्द, तुमची वही आणि तुमची स्मरणशक्ती यांच्यावर त्याचा भरवसा असतो. असा भरवसा वर्षानुवर्षे टिकवणे हे शीलाचे काम आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात शील म्हटले की एक तर रणांगण येते, नाही तर तुरुंग येतो. दुकानाच्या गादीवरही शीलाची परीक्षा होते, आणि ती रोज होते, हे कुठल्या धड्यात आहे?

दानाविषयी मी थोडक्यातच सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. एल्फिन्स्टनच्या काळात निघालेल्या शिक्षणसंस्थेत ते होते. मुलींच्या शाळेसाठी १८४९ मध्ये त्यांनी गिरगावात आपल्या वाड्यात जागा दिली. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या प्रमुखांपैकी ते एक होते. १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावर संशयही घेतला. मास्तर म्हणून मला सर्वांत जवळची वाटते ती गोष्ट मात्र वेगळी आहे. शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरून बसले असता नानांनी देशी भाषेतून शिक्षण द्यावे, अशी बाजू धरली. पदवीधर पंडितांच्या आधी एका पेढीवाल्याला हे कळले होते! माझ्या मते याचेही कारण पेढीतच आहे. ज्याला रोज आडत्याशी, हमालाशी, खलाशाशी बोलून काम काढायचे असते, त्याला भाषा म्हणजे शोभेची वस्तू वाटत नाही.

आता आगगाडी. १८४५ साली मुंबईत रेल्वेची खटपट सुरू झाली, तीत सर जमशेटजी जिजीभाई यांच्याबरोबर नाना होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. धड्यात इथे टाळ्या पडतात आणि धडा संपतो. परंतु ही गाडी ठाण्यापर्यंत हवा खायला जावी म्हणून कुणी बांधली नव्हती. तिचे तोंड घाटावरच्या कापसाकडे होते. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला तो लवकर, कोरडा आणि स्वस्तात बंदराला पोचवायचा होता. थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि आमचा खानदेश मुंबईच्या दाराशी जाऊन बसला. जळगावच्या फलाटावर उभे राहणाऱ्या माणसाने नानांची आठवण काढावी ती त्यांच्या औदार्यासाठी नव्हे, हिशेबासाठी!

त्या हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मीही संगमरवर घासणाऱ्यांतलाच ठरेन. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि खानदेशच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. जळगाव कापसाची मोठी पेठ बनले. १८६५ मध्ये लढाई थांबली, भाव कोसळला आणि जळगावला त्याचा जबर फटका बसला. तिकडे मुंबईत शेअरांचा फुगा जुलैमध्ये फुटला. त्याच जुलैच्या ३१ तारखेला नाना वारले. पेठ चढली तेव्हा चढलेल्या किमतीवर कर्ज काढणारा शेतकरी, पेठ उतरल्यावर त्याच कर्जाखाली दबला. सावकाराने त्याला पिळले नाही, असे मी म्हणत नाही. १८७५ साली पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या उगीच नव्हे.

पण पुढे झाले काय, की आमच्या वाङ्मयाने व्यापाऱ्याची ती एकच छबी उचलली. लाल पागोटे, अंगठा घेण्यासाठी पुढे केलेला कागद आणि दारात रडणारी बाई. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला, तो थोर चित्रपट होता यात शंका नाही. मात्र त्यानंतर कादंबऱ्यांत, नाटकांत, तमाशांत त्याच सावकाराच्या नकलांच्या नकला निघाल्या. एकीकडे हा राक्षस, दुसरीकडे नाना शंकरशेट नावाचा देव. मधला जो माणूस आहे, पहाटे उठून वखार उघडणारा, उधारीने हैराण झालेला, मुलीच्या लग्नासाठी माल तोट्यात विकणारा, दुष्काळात कधी धान्य वाटणारा आणि कधी दडवणारा, तो कुठे आहे? मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे अधिकाराने विचारतो. गोविंद नारायण माडगावकरांनी नानांच्या हयातीत, १८६३ मध्ये, ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले. त्यांना बाजाराकडे पाहताना नाक मुरडावेसे वाटले नाही. आपल्याला का वाटते?

याची फळे घरात दिसतात. मुलगा परीक्षेत गुंडाळला की वडील म्हणतात, ‘बसवा आता दुकानात.’ म्हणजे दुकान ही शिक्षा! माझ्या वर्गात किराणावाल्याचा एक मुलगा होता. वडिलांचा धंदा लिहायच्या रकान्यात त्याने ‘शेती’ असे लिहिले. शेत त्यांच्याकडे बोटभरही नव्हते. तागडी धरणाऱ्या बापाची त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज त्याला आमच्याच पुस्तकांनी शिकवली होती.

नानांच्या स्मरणाचेही तसेच झाले. त्यांच्या नावाची कोणती आठवण घराघरांत पोचली? मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती! ती मिळवणे हा केवढा मान, हे मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती मिळवली; पुढे रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर झाले, म्हणजे संस्कृताच्या वाटेने का होईना, शेटजींची लक्ष्मी पैशापाशी परत आली म्हणायची. गंमत सोडा. पेढीवाल्याच्या नावाने शब्दरूपांचे बक्षीस आहे; त्याच्या नावाने वही कशी लिहावी, शब्द कसा पाळावा, याचा एक धडाही नाही.

कुणी म्हणतील, खानदेशातला व्यापार गुजरात्यांचा आणि मारवाड्यांचा, त्यात मराठीचे काय? हे बोलणे मला मुळीच पटत नाही. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ज्यांचे नाव सांगते, तेच नाव मुंबईच्या कापडबाजाराला आहे. जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली. तिचा भोंगा बंद पडून कित्येक वर्षे झाली, पण त्या भोंग्यावर तीन-चार पिढ्यांनी चुली पेटवल्या. अमळनेरच्या प्रताप शेटजींनी गिरणी काढली आणि तत्त्वज्ञानमंदिरही काढले. ही घराणी आमच्या पेठांत आमच्याशी अहिराणीत घासाघीस करीत आली. ती आमच्या कथेत आली नाहीत, हा कथेचा कमीपणा.

आणि कथेला आधार हवा असेल, तर तो माळ्यावर आहे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव वणवण हिंडले आणि १९२६ साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. राजवाड्यांनी जपलेली वतनदारांची, सरदारांची कागदपत्रे आपण डोक्यावर घेतो. पण धुळे, जळगाव, अमळनेर, पाचोरा इथल्या जुन्या पेढ्यांच्या लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे काय? कपाशीचा भाव, हमालाची मजुरी, दुष्काळातली उधारी, बैलगाडीचे भाडे आणि पुढे तिच्या जागी आलेले रेल्वेचे भाडे, हे सारे त्यांत तारीखवार लिहिलेले असते. मोडी वाचता येत नाही, गुजराती-मारवाडी अक्षर लागत नाही, म्हणून नातवंडे दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याच्या तागडीत टाकतात. रद्दीवाला त्या वजनावर घेतो. त्यालाही दोष देता येत नाही.

यंदा माळा झाडताना असे एखादे बाड हाती लागले, तर निदान ते ओल्या भिंतीपासून दूर ठेवा, वाळवीला औषध घाला, आणि गावात मोडी येणारा कोणी म्हातारा कारकून अजून असेल, तर त्याला एका दुपारी चहाला बोलवा. त्याच्यासमोर पहिले पान उघडा.