‘पगारदार कैदी’ म्हणे!

आखातात शिकवायला गेलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना ‘पगारदार कैदी’ ठरवण्याचं व्रत बीड जिल्ह्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घेतलं आहे. सत्कार असो, निरोप समारंभ असो, बोलायला उभे राहिले की विषय तिकडेच वळतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तो मुलूख कर्मठ मुसलमानी. तिथं सिनेमा नाही, देऊळ नाही, बायकांना मोकळेपणा नाही, ‘बसायची’ सोय नाही (हे ते आवाज उतरवून सांगतात). परक्या शिक्षकाला तिथं समाजच नसतो. शाळा ते खोली, खोली ते शाळा, आणि महिनाअखेर रियाल. गुरुजी स्वतः तिकडे कधी गेल्याचं ऐकिवात नाही, पण अधिकारवाणीला व्हिसा लागत नाही.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. सिनेमा : सौदीत २०१८ च्या एप्रिलपासून थिएटरं सुरू आहेत. देऊळ : सौदीत नाही हे खरं, पण मस्कतला महादेवाचंही आहे आणि कृष्णाचंही. दुबईत आहे, अबू धाबीत २०२४ मध्ये मोठं झालं. आखात हा एक देश नव्हे, एवढं तरी नकाशा शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला ठाऊक असायला हरकत नव्हती. दारू : महाराष्ट्रातही कायद्यानं परवाना लागतो. गुरुजींकडे असेलच.

आता मोकळेपणा. इथं मात्र थांबावं लागेल, कारण टाळ्या इथंच पडतात. सौदीत २०१८ च्या जूनपर्यंत बाईला गाडी चालवायची मुभा नव्हती, हे खरं. हॉटेलांत कुटुंबवाल्यांना वेगळं आणि एकट्या पुरुषांना वेगळं दार ठेवायची सक्ती २०१९ च्या डिसेंबरपर्यंत होती, हेही खरं. तिथल्या भारतीय शाळांत मुलींची शाखा वेगळी, तिथं शिकवणाऱ्या बाईच. सगळं मान्य. पण ज्या बाई तिकडे गेल्या, त्या कुठून गेल्या? पॅरिसहून नव्हे. पाटोद्याहून, शिरूर कासारहून, धारूरहून गेल्या. इकडे नवी शिक्षिका एकटी गावात येते तेव्हा खोली भाड्यानं देणारा आधी आडनाव विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर मूळ गाव, मग मामाचं गाव. एवढी वंशावळ झाल्यावर भाडं किती ते सांगतो, किंवा ‘खोली भावाला द्यायचीय’ असं सांगतो. मुस्लिम किंवा दलित बाई असेल तर त्या भावाची आठवण फार लवकर होते. खोली मिळालीच, तर संध्याकाळी सातनंतर त्या कुठे गेल्या, दारात कुणाची मोटारसायकल उभी होती, याची नोंद सगळी गल्ली ठेवते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते निघाले की तांड्यावरचे, वस्तीवरचे पालक मुलाबाळांसह कारखान्यांकडे जातात. वर्ग ओस पडतात, शेजारीही जातात. मग मार्चपर्यंत बोलायला कोण? ज्या जिल्ह्यात जातीची तेढ इतकी वाढली की २०२५ मध्ये पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं उतरवायची वेळ आली, त्या जिल्ह्यात बसून गुरुजी रियाधच्या शिक्षिकेच्या घुसमटीबद्दल हळहळतात. हळहळ खरी असेलही. पण त्यांच्या कारकिर्दीत त्यांच्याच शाळेतल्या बाईंना स्टाफरूममध्ये पुरुषांच्या गप्पांत बसता येत होतं का, हे कुणीतरी विचारायला हवं. वेगळं दार आपल्याकडेही असतं. फक्त त्यावर पाटी नसते.

पगाराला नाक मुरडणं तर फारच सोपं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये मानधन होतं, मग ते १६,००० झालं. विनाअनुदानितवाल्यांचं तर विचारूच नका. कुणी जमीन विकून संस्थाचालकाला पैसे दिले आणि अनुदानाची वाट बघत केस पिकवले. तो माणूस मोकळा, आणि मस्कतहून घरी पैसे पाठवणारा कैदी!

जरा जुनं उकरतो. मुसलमानी राज्यात बाहेरून आलेल्या शिक्षकाला समाज नसतो, असं म्हणणारे गुरुजी दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घालतात. स्वामीजी आपले नव्हतेच की. जन्म सिंदगीचा, विजापूर जिल्ह्यातला, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला. निजामाच्या मुलखात ते आले शिक्षक म्हणून, आधी हिप्परग्याला, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढायची, असा ‘गस्ती क्रमांक ५३’ या हुकुमाचा जाच. तरीही शाळेभोवती माणसं जमली, आणि कशी जमली ते मराठवाड्याला सांगायला नको. गुरुजी म्हणतील, स्वामीजी लढले, तुरुंगात गेले, हे लोक नोकरी करतात. अगदी कबूल. निजामाचं संस्थान आणि सौदी एक नव्हेत, हेही कबूल. मी तुलना राज्यांची करत नाही. राज्य कडक असलं की माणसं एकमेकांकडे जायची थांबतात, हा गुरुजींचा सिद्धान्त अंबाजोगाईत टिकला नाही, एवढंच म्हणतो.

मग तिकडे असतं तरी काय? बीडचा माणूस अजानीला किंवा रमजानला बिचकत नाही, दोन्हींत वाढलेला असतो. दखनी त्याला कळते, त्यामुळे हैदराबादी सहकाऱ्याशी पहिल्या दिवसापासून जमतं. केरळी, तमिळ, कधी इजिप्तचे शिक्षक यांच्यासोबत चहा होतो. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी भाकरी-ठेचा होतो, गणपतीत घरातल्या घरात आरती होते. बीडमध्ये एकाच शहरात राहून एकमेकांच्या घरी कधी न गेलेले देशपांडे आणि शेख तिथं शेजारी राहतात, एकमेकांची मुलं सांभाळतात. फार मोठं काही नाही हे. समाज म्हणतात तो बहुधा एवढाच असतो.

खरी अडचण गुरुजींना सापडलेलीच नाही, कारण तिचा धर्माशी संबंध नाही. परदेशी माणसाचं राहणं तिथं मालकाशी, म्हणजे कफीलशी, बांधलेलं असतं. नोकरी बदलायची, मध्येच घरी यायचं, तरी त्याची मर्जी. सौदीनं २०२१ मध्ये हा फास बऱ्यापैकी सैल केला, पण कागदावरचं आणि व्यवहारातलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको. आई आजारी पडली आणि निघता आलं नाही, ही घुसमट सिनेमा नसल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. उन्हाळी सुट्टीत जुलै-ऑगस्टला ही मंडळी गावाकडे येतात. तेव्हा त्यांना बुरख्याबद्दल नको, कराराबद्दल विचारा : पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, नोटीस किती महिन्यांची, परतीचं तिकीट कोण काढतं.