जुन्या गाडीवरचे नाव

आम्ही दोघे साताऱ्यात राहतो आणि कोरेगावच्या बाजूला मराठी शिकवतो. जाऊन-येऊन सुमारे चाळीस किलोमीटरचा हा प्रवास आम्ही वर्षानुवर्षे एस. टी.ने केला. २०२१-२२ मध्ये एस. टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला, तेव्हा वडापच्या जीपमध्ये मागच्या दाराला लटकत आम्ही पहिल्या तासाला पोहोचत असू. गाडी घ्यायचे त्याच काळात ठरले. आमच्यापैकी एक जण अजूनही तासिका तत्त्वावर आहे, त्यामुळे नव्या गाडीचा विचार मनातसुद्धा आला नाही. दोघांत मिळून एक जुनी मोटारसायकल घ्यावी, एवढीच आमची ऐपत होती. तरीही ती प्रत्यक्ष घेईपर्यंत पुढे दोन वर्षे गेली.

जुनी गाडी कशी पाहावी हे आम्हांला एका मिस्त्रींनी शिकवले. पहिल्याच गाडीपाशी त्यांनी आधी इंजिनाला हात लावला आणि म्हणाले, "सर, ही गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवलेली दिसते. उद्या सकाळी न सांगता येऊ." थंड इंजिन किती किकांत चालू होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, म्हणजे गाडी ऑइल खाते का, हँडल वळवताना कोनसेट अडखळतो का, चेन-स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झाले आहेत का, पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल पाझरते का, असा त्यांचा क्रम होता. शेवटी हँडलखालच्या नळीवरचा चेसी नंबर फडक्याने पुसून त्यांनी तो आर. सी.वरच्या नंबराशी अंक-अंक जुळवला. संहितेचे बारकाईने वाचन करा, असे आम्ही वर्गात सांगत असतो. इतक्या निगुतीने वाचणारा माणूस आम्ही पुष्कळ दिवसांनी पाहिला.

तथापि, या लेखाचा विषय इंजिन नाही. गाडी कोणाच्या नावावर आहे, हा आहे.

तीन-चार गाड्या नापसंत झाल्यावर आम्हांला आमच्याच एका दिवंगत सरांच्या गाडीचा सुगावा लागला. २०१३ ची नोंदणी, शंभर सीसीच्या वर्गातली, एकहाती वापरलेली. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत चिंता नव्हती. सर जाऊन दीड वर्ष झाले होते आणि गाडी ओसरीत गोणपाटाखाली उभी होती. काकूंनी किंमतही सांगितली नाही. "तुम्हीच काय ते ठरवा, तुम्ही त्यांचे विद्यार्थी," एवढेच म्हणाल्या. मिस्त्रींनी टायर, बॅटरी आणि कार्ब्युरेटरची सफाई यांचा खर्च सांगितला व गाडी घ्या म्हणाले.

अडचण आली ती कागदांची. सर गेल्यावर आर. सी. कोणी बदलून घेतली नव्हती. आम्ही ज्या एजंटाकडे गेलो, त्याने मार्ग तात्काळ काढला. "सर, काकूंना कशाला फेऱ्या मारायला लावता? मागची तारीख टाकू. सहीचं मी बघतो. सरांचा मोबाईल नंबर चालू असेल तर ओटीपीसुद्धा येईल."

तो नंबर चालू होता. काकूंनी तो बंद केला नव्हता.

ज्या सहीविषयी तो बोलत होता ती आमच्या बी. ए.च्या निबंधवह्यांवर लाल शाईत आहे. आम्ही नको म्हणालो. पण क्षणभर मोह झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. सहा आठवडे वाचणार होते आणि कोणाचेही नुकसान होणार नव्हते, निदान तसे वाटत होते.

रोलाँ बार्थ यांचा 'लेखकाचा मृत्यू' हा १९६७ सालचा निबंध आम्ही दर वर्षी शिकवतो. संहिता लेखकाच्या हातून सुटली की तिचा अर्थ वाचकाच्या स्वाधीन होतो, असे विद्यार्थ्यांना सांगतो. वाहनांच्या नोंदवहीत याच्या नेमके उलट आहे. गाडी हातून सुटली तरी नाव सुटत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो, अशी व्याख्या आहे. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेक हातांत गेलेली होती. तरीही अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकाचेच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे विश्वासावर गाडी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेलाच नसतो.

आमच्या एका सहकाऱ्याचे असेच झाले. त्यांनी मुद्रांकावर करारनामा करून गाडी विकली. नाव बदलण्याचे 'बघू' म्हणत राहून गेले. चार वर्षांनी, ज्या गावी ते कधी गेले नव्हते तेथल्या अपघाताची नोटीस त्यांच्या घरी आली.

वास्तविक कायद्याची अपेक्षा फार नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे, त्यासाठी नमुना २९ आणि ३०. कर्जावरची गाडी असेल तर बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५. मालक मृत असेल तर वारसाने तीन महिन्यांत नमुना ३१. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज. इतके करूनही आपण ते का टाळतो? "ओळखीतला माणूस आहे, कागद कशाला?" हे उत्तर आम्ही शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. वाहनतळावरच्या गाड्यांपैकी किती आपल्या नावावर आहेत, असे एकदा सहज विचारले तेव्हा दोघे-तिघे विषय बदलून चहाकडे वळले.

आमच्या मते या युक्तिवादात विश्वासाचा अर्थच उलटा लावलेला आहे. घेणाऱ्याच्या हाती गाडी येते. विकणाऱ्याच्या माथी जोखीम राहते. ज्याने विश्वास टाकला त्यालाच आपण उघड्यावर सोडतो आणि त्याला आपलेपणा म्हणतो. ओळखीतला माणूस आहे म्हणूनच कागद आधी पूर्ण केले पाहिजेत. आम्ही एजंटाचे ऐकले असते, तर उद्या काही घडल्यावर खोट्या सहीचा जाब काकूंना द्यावा लागला असता.

शेवटी विलंबशुल्क भरून गाडी आधी काकूंच्या नावावर झाली. मृत्यूचा दाखला आणि दोन्ही मुलांची संमतिपत्रे जोडावी लागली. मग आमच्या नावावर, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या. पैसे दोघांचे आहेत. तोवर गाडी ओसरीतच होती आणि आम्ही एस. टी.त.

आर. सी. आली त्या दिवशी तिची छायाप्रत काकूंना नेऊन दिली. त्यांनी सरांचे नाव शोधले. ते आता त्यावर नव्हते. थोडा वेळ त्या पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं. आता तो नंबर बंद करते."