साऱ्याची मुदत आणि सावकाराचे दार

हिमायतनगरसह सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. म्हणून येथील शेतकरी इंग्रजी वसाहतवादाच्या कचाट्यातून सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतील कंटिंजंट फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता. त्याच्याच थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. संस्थानाच्या तिजोरीचा मुख्य आधार शेतसारा. तेव्हा हा बोजा अखेर रयतेनेच वाहिला.

त्याच वर्षी दिवाण झालेल्या सालारजंगांनी महसुलाची इजारेदारी मोडली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व रयतवारी आली. इजारदाराची मनमानी संपली, ही सुधारणा खरीच. परंतु सारा रोखीने आणि ठरल्या मुदतीत भरायचा होता. पाऊस मात्र मुदत पाळत नसे. अशा वेळी सावकाराच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. शेजारच्या मुंबई इलाख्यात याच कोंडीचा स्फोट १८७५ साली सुपे येथे झाला आणि शेतकऱ्यांनी कर्जरोख्यांची होळी केली.

१९४९ मध्ये हैदराबादेतील जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. आज शेतसारा नाममात्र उरला आहे. तरीही कर्जाची मुदत ठरलेली आणि पीक बेभरवशाचे, ही विसंगती कायम आहे. म्हणून १७ सप्टेंबरला कार्यकर्त्यांनी झेंडावंदनावर थांबू नये. परतफेड पिकाच्या उताऱ्याशी जोडण्याची मागणी गावोगाव मांडली, तरच मुक्तिसंग्रामाचे अपुरे कार्य पुढे जाईल.